दुकानातील नवी यंत्रे आणि आपली तरुण मंडळी

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयुष्यभर खडू हाती धरलेल्या माणसाने व्यापारावर व्याख्यान द्यावे, हे काहींस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आम्ही कधी तागडी धरली नाही, की गादीवर बसलो नाही. परंतु ज्या मुलांस आम्ही पाढे शिकविले, त्यांतील पुष्कळशी पुढे जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव येथील दुकानांतून कामास लागली. बाजारात गेलो की ‘गुरुजी, या’ अशी हाक कोठून तरी येतेच. त्यांच्या हातचे काम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कसकसे पालटत गेले, हे त्यामुळे आम्हांस, गिऱ्हाइकाच्या बाजूने का होईना, जवळून पाहावयास मिळाले. तेवढ्याच अधिकारावर आम्ही हे चार शब्द बोलत आहोत.

आपल्या सभांतून दुकानदारीविषयी जी भाषणे होतात, ती बहुधा मालकाच्या बाजूची असतात. कराचा जाच, थकलेली उधारी, मोठ्या कंपन्यांची स्पर्धा, हे विषय आपण दरवर्षी ऐकतो, आणि ते खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत जो उभा असतो, त्याचा विचार या व्यासपीठावरून क्वचितच झाला आहे. तो नोकर कोणी परका नव्हे. या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांचे पुत्र, पुतणे, भाचे, आणि आता कन्याही, दुसऱ्याच्या दुकानात नोकरीस आहेत. आणि जी घराणी आज दुकानमालक म्हणून आपल्यात मान पावतात, त्यांतील अनेकांचा मूळ पुरुष दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारून वर आला, ही गोष्ट त्या घराण्यांतील म्हातारी माणसे अभिमानाने सांगतात.

हे वर येणे कसे घडत असे, ते प्रथम पाहू.

इंग्रजांचा अंमल खानदेशावर १८१८ साली बसला. पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्यास नवी वसाहत आखण्यास घेतली आणि व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून त्यांस घरबांधणीसाठी बिनभाड्याच्या जागा व आगाऊ रकमा दिल्या. धुळ्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या ही त्या आखणीची आठवण होय. पुढे रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, आणि जळगावची पेठ धुळ्याच्याही पुढे गेली. या पेठांत व्यापार शिकविणारी शाळा नव्हती. दुकान हीच शाळा होती आणि तिचा अभ्यासक्रम कोणी लिहून ठेवलेला नसला तरी पक्का ठरलेला होता.

बारा-तेरा वर्षांचा पोरगा दुकानात येई तो झाडलोट करण्यास व पाणी भरण्यास. वर्षा-सहा महिन्यांनी त्यास पुड्या बांधावयास बसवीत. कागद किती घ्यावयाचा, दोरा कोठे आवळावयाचा, हे आल्यावर त्यास पोती उघडण्याचे काम मिळे, आणि तेथे खरे शिक्षण सुरू होई. तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आतला दाणा बाहेर काढावयाचा, दातांखाली फोडावयाचा, आणि माल नवा की जुना, कोरडा की ओल लागलेला, हे शेटजींस सांगावयाचे. चुकला तर टपली बसे. त्यानंतर तागडी, तागडीनंतर गल्ला. मग वसुलीसाठी खेड्यापाड्यांतून फिरणे, त्यात कोणाचा कापूस कधी विकला जातो आणि कोणाच्या घरी यंदा लग्न आहे हे कळे. मग मुनिमाच्या शेजारी बसून कीर्द लिहिणे, खतावणी करणे. सर्वांच्या शेवटी शेटजींबरोबर खरेदीस जाणे. येथवर पोहोचलेला माणूस तिशीच्या आत-बाहेर असे, आणि स्वतःचे दुकान टाकण्यास जे जे लागते ते भांडवलाखेरीज सर्व त्याच्यापाशी असे. भांडवलही पुष्कळदा जुना शेटजीच उधार मालाच्या रूपाने देई.

या शिक्षणात हिशेबाचा वाटा किती होता, हे सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. शिक्षकाचा स्वभाव म्हणून क्षमा असावी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे पोरास तोंडपाठ असत. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर, अशा काळी भाव मणाचा आणि गिऱ्हाईक शेराचे, यांचा मेळ क्षणात घालावा लागे. त्यासाठी बाजारात एक सोपी युक्ती होती. जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. कारण मणात अडीच शेर सोळा वेळा जातात आणि रुपयात आणेही सोळाच. बारा रुपये मण ज्वारी असेल तर अडीच शेरांस बारा आणे, पाच शेरांस दीड रुपया. कागदाचे कामच नाही. असे आडाखे मुलाच्या डोक्यात घट्ट बसलेले असत, आणि ते त्याच्या डोक्यात आहेत एवढ्याच कारणाने शेटजीस त्याची गरज असे.

पहिला मोठा फेरबदल यंत्राने केला नाही. तो कायद्याने केला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, असा हिशेब दुकानादुकानांतून घोकला गेला. त्यापाठोपाठ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, पुढे मीटर आणि लिटर आले. आमच्या वडिलांच्या पिढीस त्याचा मोठा त्रास झाला. पण फळ काय झाले पाहा. जितके रुपये क्विंटल, तितके पैसे किलो. दशांशचिन्ह सरकविले की झाले. मुनिमाचे अर्धे पांडित्य एका कायद्याने सर्वांस फुकट मिळाले. गिऱ्हाइकाचे हित झाले, फसवणूक कमी झाली. त्याविषयी दुःख करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पोत्यात हात घालणारा पोरगा मात्र पोत्यापाशीच होता. वसुली, कीर्द, खरेदी या पायऱ्या जागच्या जागी होत्या.

आता यंत्रांकडे वळू. हातातल्या एका रेघांच्या चिठ्ठीने किंमत सांगणारे जे यंत्र आज आपल्या शहरांतील मोठ्या दुकानांतून दिसते, त्याचा वंश अमेरिकेतील आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. ओहायो राज्यात डेटन शहरी जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्याने १८७९ साली पैशांची नोंद करणारे यंत्र बनविले. हेतू एकच, गल्ल्यावरच्या नोकरांनी पैसे मारू नयेत. १९१६ साली मेंफिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले. तेथे गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलावयाचा आणि दाराशी पैसे द्यावयाचे. माल काढून देणारा नोकरच नको. पुढे नॉर्मन वुडलँड या गृहस्थास तारायंत्राची टिंब-रेघांची लिपी ठाऊक होती. समुद्रकाठी वाळूत बोटे ओढताना त्या रेघा लांबविण्याची कल्पना सुचली, असे तो सांगत असे. त्यास व त्याचा सोबती बर्नार्ड सिल्व्हर यास १९५२ साली पेटंट मिळाले, आणि २६ जून १९७४ रोजी डेटनजवळच्याच ट्रॉय गावी च्युइंगमचे एक पाकीट प्रथम रेघांवरून विकले गेले. पहिल्या यंत्राच्या मुळाशी नोकरावरचा अविश्वास होता. पुढच्या दोन्ही युक्त्यांनी नोकराने काही जाणण्याची गरजच कमी कमी होत गेली. हे बीज ध्यानी ठेवले म्हणजे आज आपल्या येथे काय चालले आहे ते नीट उमगते.

आपल्याकडे या गोष्टी उशिरा पण एकदम आल्या. आकडे दाखविणारा विजेचा वजनकाटा आला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. टॅली हा हिशेबाचा कार्यक्रम १९८६ च्या सुमारास बंगळुरास गोएंका पितापुत्रांनी काढला, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत लाल वहीचा मान लक्ष्मीपूजनापुरता उरला. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ चा वस्तू व सेवा कर, आणि २०१६ सालीच सुरू झालेली यूपीआय पद्धत, या तिन्हींनी मिळून लहानातल्या लहान दुकानदारास यंत्राच्या आधीन केले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयवरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीच्या टोपलीवरही आज चौकोनी ठिपक्यांची चिठ्ठी डकविलेली असते.

यंत्रांनी काय दिले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. वजनावरून होणारी भांडणे मिटली. बिलात काय घेतले हे गिऱ्हाइकास वाचता येऊ लागले. पैसे आल्याचे मराठीत मोठ्याने सांगणारी लहानशी पेटी ज्या दुकानात आहे, तेथे तेलाने हात भरलेल्या दुकानदारास मोबाइल पाहावा लागत नाही. पूर्वी नाणे वाजवून घेत, आता पेटी वाजते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपल्या मुली दुकानात आल्या. गादीवर बायकांनी बसावयाचे नाही, असा जो रिवाज आपल्या वडिलांनी पाळला, तो सुधारकांच्या व्याख्यानांनी मोडला नाही इतका संगणकाने मोडला. जळगावच्या सराफी पेढ्यांतून आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या कापडदुकानांतून आज मुली ज्या सफाईने काम करतात ते पाहून आम्हांस संतोष होतो.

असे असता तक्रार कशाची? तीन धंद्यांची उदाहरणे घेऊ. तिन्ही आपल्या प्रांताच्या जिव्हाळ्याचे आहेत.

जळगाव हे डाळीच्या गिरण्यांचे गाव. येथल्या तुरीच्या डाळीचा लौकिक महाराष्ट्राबाहेरही आहे. हे व्याख्यान तयार करण्यापूर्वी आम्ही मुद्दाम काही दुकानांत जाऊन तरुण नोकरांस एकच प्रश्न विचारला: “बाळा, डाळ जुनी की नवी, हे कसे ओळखशील?” एकाने पाकीट उलटे करून तारीख दाखविली. दुसऱ्याने “शेटना विचारून सांगतो” म्हटले. तिसरा हसला. त्यांचा दोष आम्ही मानीत नाही. डाळ त्यांच्या हाती पाकिटातून येते, पाकिटावर रेघा असतात, रेघांवर तांबडा प्रकाश पडला की किंमत उमटते. डाळीस त्यांचे बोट लागत नाही. तेल लावून चकाकी आणलेली डाळ कोणती आणि अंगच्या गुणाने चकाकणारी कोणती, हे त्यांस कोणी दाखविलेच नाही. मात्र पन्नास किलोचे पोते गाडीतून उतरवून आत नेण्याचे काम अजून त्यांचेच आहे. यंत्राने कष्ट तसेच ठेवले आणि पारख तेवढी उचलून नेली.

दुसरा धंदा सोन्याचा. जळगावचे सोने म्हटले की परगावचे गिऱ्हाईक निःशंक होते, ही पत पिढ्यान्‌पिढ्यांच्या पारखीने मिळविलेली आहे. कसोटीवर ओढलेली रेघ, तीवर तेजाबाचा थेंब, आणि उरलेल्या रंगावरून सांगितलेला कस. हे काम करणारी माणसे पेढीत मालकाइतकीच मानाची असत. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा करण्यास सुरुवात झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्कच्या दागिन्यास सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक लागतो. गिऱ्हाईक तो क्रमांक सरकारी मोबाइल-कार्यक्रमात घालून स्वतः खात्री करून घेऊ शकते. ही सुधारणा उत्तम आहे. जुने सोने मोडीत घेतानाही आता क्ष-किरणांचे यंत्र कस सांगते. परंतु या यंत्राची एक मर्यादा आहे. क्ष-किरण वरच्या थरापुरतेच पाहतात. जाड मुलाम्याखाली काय दडले आहे ते पाहण्यास दागिना कापावा किंवा वितळवावा लागतो. केव्हा यंत्रावर विश्वासावे आणि केव्हा भट्टीकडे जावे, हे ज्यास कळते तोच यंत्राचा धनी. ज्यास कळत नाही तो नुसता बटण दाबणारा, आणि बटण दाबणारे पुष्कळ मिळतात. त्याच्या पगारावरून ते कळतेच.

कापडाविषयी थोडक्यात सांगतो. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे आपल्या प्रांतातील कापडदुकानदारांची खरेदी पूर्वीपासून सुरतेची. हाताखालच्या चलाख नोकरास बरोबर नेत. तो पोत चुरगाळून पाही, रंग ओल्या बोटाने तपाशी, भावाची घासाघीस ऐके. आज सुरतेचा व्यापारी मोबाइलवर चित्रे पाठवितो आणि मालक गादीवर बसून पसंती कळवितो. प्रवासखर्च वाचला खरा. नोकराची सुरत कायमची चुकली.

आता आमचे मुख्य म्हणणे. यंत्रामुळे दुकानातील नोकऱ्या संपतील असे जे भय घातले जाते, ते आम्हांस तितकेसे खरे वाटत नाही. अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने २०१८ साली सिअ‍ॅटल शहरी असे दुकान उघडले की, माल उचलून सरळ बाहेर पडावे, हिशेब छतावरच्या कॅमेऱ्यांनी करावा. २०२४ साली त्या कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही व्यवस्था काढून घेतली. त्या कॅमेऱ्यांची चित्रे तपासण्यासाठी भारतात माणसे बसविली होती, असेही छापून आले. कंपनीने त्यांच्या कामाचे स्वरूप निराळे सांगितले, पण माणसे होती हे खरे. इंग्लंडच्या उत्तर भागातील बूथ्स या १८४७ सालच्या किराणा पेढीने तर नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाने स्वतः बिल करावयाची यंत्रे जवळजवळ सर्व दुकानांतून हलविली. त्यांनी दिलेल्या कारणांत एक असे होते की, सुट्या फळांतील एक सफरचंद कोणते आणि दुसरे कोणते, हे कित्येक गिऱ्हाइकांस ओळखू येत नाही! रावेर-यावलची केळी आणि भरताची हिरवी वांगी ज्यांच्या अंगणात पिकतात, त्या आपल्याला याचे हसू येईल. पण त्यातील मर्म असे की, माल ओळखणारा माणूस त्या पेढीस पुन्हा हवासा वाटला.

तेव्हा नोकऱ्या राहतील. मोडली आहे ती शिडी. खालची पायरी, म्हणजे ओझे उचलणे आणि रेघांवर यंत्र धरणे, शिल्लक आहे. वरची पायरीही आहे. किंबहुना ती पूर्वीपेक्षा उंच झाली आहे. कराचे निरनिराळे दर, मालाचे संकेतांक, शिलकी साठ्याचा हिशेब, मालाची चित्रे काढून दूरच्या गिऱ्हाइकास विकणे, हे ज्यास येते त्यास मागणी आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर एका रात्रीत पालटले. साबण, केशतेल, टूथपेस्ट अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले. जुन्या छापील किमतीचा माल फळीवर आणि नवा दर वर्तमानपत्रात, अशा वेळी गिऱ्हाइकाचे समाधान करणारा माणूस दुकानात एकच निघे, तो म्हणजे आतल्या खोलीतला संगणकावरचा. बाहेरच्या मुलास त्यातील काही माहीत नसे, कारण ती खोली त्याने आतून पाहिलेलीच नसते. पूर्वी झाडू मारणारा आणि मुनीम एकाच बैठकीवर बसत. पोराच्या कानांवर सर्व पडे. आज दोघांच्या मध्ये काचेचे दार आहे. मधल्या पायऱ्या यंत्राने काढून घेतल्या, आणि खालचा मुलगा पाच वर्षांनंतरही खालीच राहतो. मग तो कंटाळून पार्सले पोहोचविण्याच्या कामास जातो. तेथे चार पैसे अधिक मिळतात, पण रस्ताही मोबाइलच दाखवितो. शिकावयाचे ते तेथेही काही उरत नाही. अशा कामगारांची सामाजिक सुरक्षा कायद्यात प्रथमच नोंदली गेली आणि तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला, हे बरे झाले. त्याने म्हातारपणाची थोडी सोय होईल, उमेदीची होणार नाही.

औषधांच्या दुकानाकडे पाहावे. तेथेही संगणक आहे, तोही औषधाचे नाव काढून देतो. पण नोंदणीकृत औषधज्ञ असलाच पाहिजे असा कायदा असल्यामुळे त्या मुलाचा मान राहिला. जेथे ज्ञान सक्तीचे, तेथे यंत्र चाकर. जेथे ज्ञान ऐच्छिक, तेथे माणूस चाकर. किराण्यास व कापडास असा कायदा नाही, होण्याचा संभवही नाही. म्हणून ते काम आपणांस करावयाचे आहे.

येथे आमच्या मालकबंधूंचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. कित्येकांनी तो तोंडावर सांगितला आहे. “गुरुजी, शिकविला की तो समोरच दुकान टाकतो.” हा आक्षेप नवा नाही. आजोबांच्या काळीही समोर दुकाने पडत, आणि दोन्ही चालत. पण आज समोर दुकान कोण टाकीत आहे ते डोळे उघडून पाहावे. आपल्या हाताखालच्या पोराने टाकलेली दुकाने किती, आणि मुंबई-बंगळुरास कचेरी असलेल्या कंपन्यांनी टाकलेली किती? त्या कंपन्यांपाशी आपल्याहून मोठी यंत्रे आहेत. वजन, बिल, साठा, पैसे घेणे, यांत त्यांच्याशी बरोबरी करणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्यात बरोबरी करता येईल ते एवढेच: माल ओळखणारा, गिऱ्हाइकास ओळखणारा, आणि “कितलाले शे?” म्हणून विचारणाऱ्या शिंदखेड्याच्या आजीबाईस तिच्याच बोलीत उत्तर देणारा माणूस. कापसाचे पैसे हाती आल्यावर देतो, असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कोणाचा शब्द पक्का आणि कोणाचा कच्चा, हे कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. हा माणूस शिकविल्याशिवाय तयार होत नाही. शिकविलेला मुलगा जाईल या भीतीने न शिकविलेला मुलगा ठेवणे, म्हणजे आपलाच काटा आपण बोथट करणे होय.

आणि पालकांसही एक शब्द. आपल्या वधूवर मेळाव्यांत दुकानात नोकरीस असलेल्या मुलाच्या परिचयपत्रात ‘खाजगी कंपनीत’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. आम्ही वाचून हसतो, पण मनातून वाईट वाटते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुकानावर पोट भरले, त्याने दुकान हा शब्द लपवावा अशी वेळ का आली? मुलीच्या बापाचा विचार अगदी निराधार आहे असेही नव्हे. पूर्वी तो असे म्हणे की, आज नोकर आहे, उद्या दुकान टाकील. आज त्यास तो उद्या दिसत नाही. शिडी मोडल्याची खूण बाजारात दिसते त्याआधी ती लग्नाच्या बैठकीत दिसते.

समाजाचा विद्यार्थी-निधी दरवर्षी डॉक्टर-इंजिनीअर होणाऱ्या मुलांस साहाय्य करतो. ते चालूच राहावे. पण त्यातील थोडा भाग दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींच्या वर्गासाठी काढावा, अशी आमची सूचना कार्यकारी मंडळाने मान्य केली आहे. वर्ग समाजाच्या कार्यालयात आठवड्यातून दोन रात्री, दुकाने बंद झाल्यावर भरेल. अर्धा वेळ जुन्या विद्येचा: डाळ, तूप, धान्य, कापड, सोने यांची पारख. ती सांगणारी पाच-सहा वृद्ध माणसे आपल्यात अजून आहेत, आणि त्यांस वयामुळे जिना चढवत नसल्याने खालच्या दालनात बसण्याची सोय केली आहे. अर्धा वेळ नव्या विद्येचा: कराचे दर, संकेतांक, टॅलीवरील नोंदी, साठ्याचा हिशेब, आणि पैसे पाठविल्याचे खोटे चित्र दाखवून किंवा आपल्या चिठ्ठीवर दुसरीच चिठ्ठी चिकटवून जी फसवणूक होते ती ओळखणे. हे आपले कर-सल्लागार तरुण शिकवितील. तोंडी हिशेब आमच्याकडे आहे. औटकीपर्यंत नेणार नाही, भिऊ नये.

मालकांकडून आम्ही दोनच गोष्टी मागतो. वर्गाच्या रात्री मुलास अर्धा तास लवकर सोडावे. आणि महिन्यातून एक दिवस त्यास काचेच्या दाराआड बसू द्यावे. खरेदीची बिले, भाव, तोटा-नफा त्याच्या दृष्टीस पडू द्यावा. ज्यांस हे मान्य असेल त्यांनी आपल्या दुकानाचे व मुलांचे नाव संमेलन संपल्यावर चिटणिसांकडे द्यावे. मुलींची नावे आवर्जून द्यावीत. पहिल्या आठवड्याच्या पाठास तुरीच्या डाळीचे आठ-दहा नमुने लागतील. दाणाबाजारातील बंधूंनी ते पाव-पाव किलो, साध्या कागदाच्या पुडीत बांधून पाठवावेत, आणि पुडीवर भाव लिहू नये. तो मुलांनी सांगावयाचा आहे.